‘हार्श’ या विशेषणाच्या अर्थच्छटा

1930 सालीं ‘शिवकालीन पत्रसारसंग्रह’ पुण्यास प्रसिद्ध होऊं लागल्यापासून इंग्रज वखारवाल्यांची साक्ष मराठी वाचकास त्याच्याच भाषेंत मिळूं लागली. ही सोय मोठी खरी. पण अशा भाषांतरांवर विसंबतांना एक धोकाहि संभवतो. तो एका लहानशा विशेषणावरून दाखवावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

इंग्रजी ‘हार्श’ या शब्दास आपल्याकडे बहुधा ‘कठोर’ हा प्रतिशब्द योजितात. परंतु डॉ. जॉन्सन याच्या 1755 च्या कोशांत या एका शब्दाचे पांच अर्थ दिले आहेत: जिभेस आंबट-तुरट, कानास कर्कश, स्वभावानें तिरसट, हातास खरबरीत, आणि शेवटीं अप्रिय अथवा सक्त. याच कुळांतील डॅनिश शब्दाचा अर्थ तर ‘खवट’ असा आहे. म्हणजे हा शब्द प्रथम इंद्रियांचा. निंदेचा तो मागाहून झाला.

मराठी या बाबतींत अधिक काटेकोर आहे. आपण कापडास खरखरीत म्हणतों, केंसांस राठ, आवाजास कर्कश, तेलास खवट, हुकमास सक्त, अंमलास करडा, वाटेस बिकट आणि मनास निष्ठुर. मोल्सवर्थ व कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी-मराठी कोशासारखा ग्रंथ पर्याय पुरवील. त्यांतील कोणता घ्यावा हें मात्र प्रसंगच सांगेल. सर्वत्र ‘कठोर’ लिहिणारा भाषांतरकार निवड टाळतो, आणि त्याचें प्रायश्चित्त इतिहासास भोगावें लागतें.

पोलादपूर तालुक्यांतील कुडपण गांवाचें उदाहरण घ्या. प्रतापगडाच्या आसमंतांतील, कडेकपारींनीं वेढलेलें हें गांव शेलारमामांचें म्हणून परंपरेनें प्रसिद्ध आहे. अशा प्रदेशास इंग्रजी लेखक ‘हार्श’ म्हणेल. त्याचें ‘कठोर मुलूख’ असें मराठी केल्यास भूमीचा दोष रहिवाशांच्या माथीं बसतो. वस्तुतः तो मुलूख परक्यास बिकट, व तेथें नांदणाऱ्यास खडतर. हे दोन शब्दहि एक नव्हेत. 1659 मध्यें अफझलखानाच्या फौजेस जावळीचें रान भोंवलें तें बिकटपणामुळें. तोच बिकटपणा येथील वस्तीचा कोट होता.

दुसरें उदाहरण याच भागांतील आहे. पन्हाळ्याच्या वेढ्यांत सिद्दी जौहरास साहाय्य केल्यामुळें 1661 मध्यें राजापूरचे इंग्रज पकडले गेले, आणि पुढें महाडजवळच्या सोनगडावर कैदेंत राहून 1663 मध्यें सुटले. अशा बंदिवानाच्या तक्रारींत हें विशेषण आढळल्यास संशोधकानें थांबावें. जागा गैरसोयीची, बंदोबस्त सक्त, कीं गडकरी निष्ठुर? पहिल्यांत दोष गडाचा, दुसऱ्यांत हुकमाचा, तिसऱ्यांत मनुष्याचा. ‘कठोर वागणूक’ एवढें लिहिलें कीं तिन्ही आरोप एकत्र कालवले जातात, व पुढील ग्रंथकार त्यांतील सर्वांत वाईट तो उचलतो.

उलट दिशेनेंहि हीच सावधगिरी हवी. चिपळूण भागांत छावणीस असलेल्या लष्करास शिवाजी महाराजांनीं पाठविलेलें 1670 च्या दशकांतील पत्र वाचकांच्या परिचयाचें आहे. दाणावैरण जपून वापरावी, आगीची खबरदारी घ्यावी, रयतेच्या काडीसहि हात लावूं नये, अशी त्यांत ताकीद आहे. पत्राची भाषा सक्त आहे यांत शंका नाहीं. पण ही सक्ती शिपायावर असून तिच्या मुळाशीं कुणब्याविषयींची कळकळ आहे. इंग्रजींत तिला ‘हार्श’ म्हटल्यास रयतेच्या कैवाऱ्यावरच जुलमाचा शिक्का बसेल. तेथें ‘स्टर्न’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ हाच शब्द शोभेल. कारण ‘हार्श’मध्यें बोचणें आहे, त्या दोहोंत तें असलेंच पाहिजे असें नाहीं.

आमची सूचना अल्प आहे. इंग्रजी कागदाचा सारांश देतांना स्वभाव किंवा वर्तन यांचा न्याय करणारें प्रत्येक विशेषण मूळ रूपांत शेजारीं छापावें. त्यास जागा एका शब्दाची लागते. तो गाळल्यास मात्र शंभर वर्षांनीं येणाऱ्या वाचकास मूळ साक्ष कोणती आणि भाषांतरकाराचें मत कोणतें, हें ओळखण्याचें साधनच उरत नाहीं.