‘पाठलाग’ दुसऱ्यांदा बघताना

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या ज्युनियर्सना मी हल्ली एक जुना सिनेमा बघायला सांगते. राजा परांजपे यांचा १९६४ चा ‘पाठलाग’. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. त्याला मराठी चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि दोनच वर्षांत राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. तुमच्या घरच्यांना कदाचित साधना आणि सुनील दत्तच आठवतील.

गोष्ट थोडक्यात अशी. एका वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढे पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतली एक बाई पकडतात. हुबेहूब तिच्यासारखी, आणि म्हणते, मीच तुमची बायको. (इथून पुढे मी रहस्य फोडणार आहे. साठ वर्षं झाली, आता चालेल.)

या सिनेमाचं नाव निघालं की लोक कोर्टाचे प्रसंग उचलून धरतात. ती बाई नवरा-बायकोतल्या खाजगी गोष्टी सांगते आणि आपला श्वास अडकतो. पण पुरावा म्हणून बघा ना, हे सगळं फार कच्चं आहे. या गोष्टी खऱ्या बायकोला माहीत असणार, तशाच बायकोकडून ऐकलेल्या कुणालाही असू शकतात. म्हणजे बरोबर उत्तरं शंभर आली तरी पारडं हलत नाही. दोन शक्यतांमध्ये वेगळं उत्तर देईल असा प्रश्न लागतो, आणि तो त्या हुशार वकिलाला सुचत नाही. शेवटी उलगडा होतो तो बाहेरून आलेल्या माहितीने: त्या जुळ्या बहिणी. मेली ती बहीण, पिंजऱ्यात उभी आहे ती बायको.

‘जुळी बहीण? ही तर फसवणूक!’ असं माझी रूममेट म्हणाली. रहस्यकथा म्हणून तिचं बरोबर आहे. प्रेक्षकाला स्वतःहून तिथे पोचायची वाट फारशी ठेवलेलीच नाही. माझ्या मते सिनेमाची खरी ताकद दुसरीकडे आहे. नवऱ्याचं निरीक्षण खरं होतं. समोर एक बाई मेली, चेहरा तोच. ‘ती माझी बायको’ हे मात्र त्याने जोडलं होतं, आणि तो त्यालाही निरीक्षणच समजत राहिला.

मी हे उलट्या बाजूने केलंय. चंद्रपूरच्या जंगलात कॅमेरा ट्रॅप लावताना वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लावतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. माझ्या एका जागी एका वेळी एकच कॅमेरा चालू राहिला. आधी डावी कूस मिळाली, नंतर उजवी. मी रजिस्टरमध्ये दोन वाघिणी लिहून मोकळी. पुढच्या फेरीत दोन्ही कुशी एकाच वेळी आल्या आणि दोघींची एक झाली. गाइडने एवढंच विचारलं, ‘तू वाघीण पाहिली होती की पट्टे?’ त्या रात्री ‘पाठलाग’ पुन्हा लावला.

हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्येही (१९५८) एकीच्या जागी दुसरी आहे. पण तिथे नायकाच्या आधी आपल्यालाच गुपित कळतं, आणि तरी पुढचं बघवत नाही. सुरुवातीला त्याचं स्वागत थंडच झालं होतं. २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी त्याला पहिला नंबर दिला. ‘पाठलाग’ने आपलं गुपित शेवटपर्यंत दाबून ठेवलं, म्हणून तो एकदाच बघायचा सिनेमा ठरला आणि आशाबाईंच्या गाण्यावर ओळखला जायला लागला. हे मला पटत नाही. शेवट माहीत असताना बघा. भावना जे बोलते ते सगळं खरं आहे, हे आता तुम्हाला माहीत असतं, आणि काशिनाथ घाणेकरांचा प्रत्येक मुद्देसूद प्रश्न ऐकवत नाही.

व्हायव्हाच्या आदल्या आठवड्यात नको, त्याआधी बघा. आणि तो वकील नेमका कुठे थांबायला हवा होता, ते वहीत लिहून ठेवा. माझं उत्तर मी दोनदा बदललंय.