दख्खनचे दंगे आणि लोकक्षोभाची मीमांसा

जागतिक व्यापाराविरुद्ध उसळलेला लोकक्षोभ आणि त्या लाटेवर आरूढ होऊन सत्तेवर येणारे पुढारी, हा विषय अलीकडे ग्रंथकारांस फार प्रिय झाला आहे. २०१६ सालीं ब्रिटननें युरोपीय संघांतून बाहेर पडण्याचा कौल दिला, त्याच वर्षीं अमेरिकेंत ट्रंप निवडून आले, आणि तेव्हांपासून या विषयावरील पुस्तकांचा पूरच लोटला. त्यांत यान-व्हेर्नर म्युलर या जर्मन पंडिताचें ‘व्हॉट इज पॉप्युलिझम्?’ हें २०१६ सालचें छोटेखानी पुस्तक विशेष मान्यता पावलें आहे. त्याची परीक्षा आपल्याच एका जिल्ह्याच्या इतिहासावर करून पाहावी, असें आम्हांस वाटतें.

म्युलर यांचा मुख्य सिद्धांत असा कीं, बड्या लोकांवर टीका करणारा प्रत्येक पुढारी लोकानुनयी नव्हे. ‘खरे लोक म्हणजे आम्हीच, आणि त्यांचा प्रतिनिधि मी एकटाच’ असें जो म्हणतो व विरोधकांस ‘लोक’ या शब्दांतूनच वगळतो, तो लोकानुनयी. ही व्याख्या स्वच्छ आहे व मार्मिकहि आहे. निवडणूक जिंकली तर लोकांचा विजय आणि हरली तर मतमोजणींतच कांहीं काळेंबेरें, असें मानणारे पुढारी ओळखावयास ती फार उपयोगी पडते. परंतु ही कसोटी पुढाऱ्याच्या भाषणाची आहे. सभेंत खालीं बसलेल्या माणसाच्या घरीं काय घडलें होतें, हें तीवरून समजत नाहीं.

‘पॉप्युलिस्ट’ हें नांवच मुळीं अमेरिकेंत १८९० नंतर रूढ झालेल्या पीपल्स पार्टीचें. पुढील पीक दुकानदाराकडे आधींच गहाण टाकून बसलेले दक्षिणेंतील कापूस पिकविणारे शेतकरी या पक्षांत मोठ्या संख्येनें होते. आपल्या व्याख्येनुसार हा पक्ष लोकानुनयी ठरत नाहीं, असें म्युलर प्रांजळपणें सांगतात. पण ज्या कापसाच्या बाजारानें त्या शेतकऱ्यांस नागविलें, त्याच बाजाराचें दुसरें टोंक आपल्या दख्खनांत होतें, याचा विचार त्यांच्या पुस्तकांत येत नाहीं.

ती हकीकत थोडक्यांत अशी. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. त्या वर्षीं अमेरिकेहून ब्रिटनमध्यें वीस लाखांवर गांठी कापूस गेला होता; पुढच्याच वर्षीं तो ५५ हजार गांठींवर आला. मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक भागविण्यासाठीं मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं शहरांतील सावकारांस, आणि त्यांनीं खेड्यांतील सावकारांस पैसा पुरविला. दख्खनांत कापसाखालील जमीन १८६० ते १८६४ या काळांत दुप्पट झाली. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस परत आला आणि भाव कोसळले. मुंबईनें हात आखडतांच खेड्यांतील सावकारानेंहि आखडला. नेमक्या त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली व कित्येक ठिकाणीं सारा ५० ते १०० टक्क्यांनीं चढला. मुदतीच्या १८५९ च्या कायद्यामुळें तर दर तीन वर्षांनीं व्याज मुदलांत मिळवून नवें खत लिहून घेण्याची चाल पडली.

१२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं (पारनेर तालुक्यांतील सुप्याहून हें निराळें) दंग्यास आरंभ झाला आणि लवकरच भीमा व घोड या नद्यांपलीकडे अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत तो पसरला. लोकांनीं मागितलीं तीं खतें व वह्या. मिळालीं तीं जाळलीं. जेथें सावकारानें कागद मुकाट्यानें दिले तेथें त्यास बहुधा धक्काहि लागला नाहीं. या लोकांस पुढारी नव्हता, त्यांचें व्याख्यान नव्हतें. म्युलर यांची कसोटी लावावी तरी कोणास?

तथापि या क्षोभांतहि एक विषारी बीज होतें, तें झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. कित्येक गांवीं ब्राह्मण व इतर जातींचे सावकारहि तोच धंदा करीत. परंतु राग उतरला तो बहुतेक मारवाडी व गुजर सावकारांवर. कर्ज सर्वांचें सारखेंच जाचक होतें. जो परका दिसला तो तेवढा अपराधी ठरला. मँचेस्टर दिसत नव्हतें, व्याजाचें गणित दिसत नव्हतें; पेढीवर बसलेला परमुलखांतला माणूस मात्र रोज दिसत होता.

सरकारनें नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७८ सालीं ब्रिटिश पार्लमेंटापुढें आला. त्यांतील माहिती अमोल आहे. पण साऱ्याची वाढ हें दंग्याचें कारण नव्हे, दोष सावकाराचा, असा त्याचा निर्णय पडला. म्हणजे दंगेखोर आणि सरकार यांचें आरोपीविषयीं एकमत झालें! दूरच्या कारणाचा राग जवळच्या माणसावर वळविणें हेंच लोकानुनयाचें मर्म असेल, तर तें काम पुढाऱ्यावांचून, केवळ सरकारी कागदावरहि साधतें. म्युलर यांच्या व्याख्येंतील उणीव आम्हांस येथें दिसते.

नील चार्ल्सवर्थ या इतिहासकारानें १८७२ नव्हे तर १९७२ सालच्या आपल्या निबंधांत या दंग्यांचें महत्त्व फुगविलेलें आहे असें प्रतिपादिलें. दंगा लहान होता हें मान्य करूं. पण त्याच्यामागून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, आणि नुसतें खत न पाहतां व्यवहाराचा आरंभापासूनचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. ज्या प्रश्नाचें उत्तर लोकांनीं आगींत शोधलें, तो अखेर हिशेबाच्या वहींत उलगडूं लागला. पुढें १९५० सालीं याच जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या परिश्रमानें प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हां शेतकऱ्यानें ती वही स्वतःच्या हातांत घेतली. सहकारांतहि पुढें नवे सुभेदार निर्माण झाले हें खरें. पण त्यांस जाब विचारावयास सभासदाचें मत तरी उरलें.

आज या जिल्ह्याचा कांदा परदेशीं जातो. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें निर्यात बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. त्या वेळीं शेतकऱ्याची तक्रार जगाच्या बाजाराविरुद्ध नव्हती. त्या बाजाराचें दार आपल्यास न विचारतां लावलें जातें, याविरुद्ध होती. १८७५ चा क्षोभ आणि आजचा क्षोभ यांतील समान सूत्र आमच्या मतें हेंच आहे: भाव ठरतो दूर, आणि ठरविणाऱ्यास जाब विचारण्याची सोय नसते.

म्युलर यांचें पुस्तक सुशिक्षित कुटुंबांत अवश्य वाचलें जावें. खोटा कैवारी ओळखण्यास तें शिकवितें. मात्र तें वाचून क्षुब्ध माणसास अडाणी ठरविण्याचा मोह वाचकांनीं आवरावा. त्याचा हिशेब आपण तपासला नाहीं, तर शेजारच्या परक्याकडे बोट दाखवून तो चुकता करून देणारा कोणी तरी भेटतोच.