पाठांतर म्हणजे प्रमाण नव्हे

डॉ. झाकीर नाईक हे मुंबईचे. शिक्षणाने एमबीबीएस, मदरशात घडलेले आलिम नव्हेत. दक्षिण आफ्रिकेच्या अहमद दीदात यांचा कित्ता गिरवत त्यांनी १९९१ मध्ये इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढलं. २००६ मध्ये पीस टीव्ही आला. अंगात सूट, तोंडात इंग्रजी, आणि कुराण, बायबल, वेद क्रमांकासकट पाठ! सभागृह थक्क व्हायचं.

माझा आक्षेप इथंच आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे खरं, पण अधिकारी माणसाचा, आणि अर्थ तपासून. नुसत्या क्रमांकाने काही सिद्ध होत नाही. आता लादेनबद्दलचं त्यांचं गाजलेलं विधान पाहा. तो दहशतवादी अमेरिकेला दहशत बसवत असेल, तर मी त्याच्या बाजूने, असा त्याचा आशय. यातला ‘जर’ बोलणाऱ्याला वाचवतो; ऐकणारा मात्र ‘तर’ घेऊन घरी जातो.

२०१४ मध्ये आपल्या कल्याणचे चार तरुण आयसिससाठी इराकला गेले. त्याचं खापर एका वक्त्यावर फोडणं म्हणजे पुन्हा पुराव्याविना बोलणं. २०१६ मध्ये संस्थेवर बंदी आली, नाईक मलेशियात राहिले. भाषणं मोबाइलवर फिरतच राहिली. बंदी उत्तर देत नाही, उत्तर आपण द्यायचं असतं. हमीद दलवाईंनी ते दिलं. १९६६ मध्ये सात मुस्लिम महिलांचा मोर्चा त्यांनी विधिमंडळावर नेला. पोथीआधी बाईचं दुःख!

आणि हो, वेदांत विमानं दाखवणारे आपले वक्ते? त्यांनाही हीच कसोटी लावायची.