आठवडे कोण मोजतो?

प्रसवपूर्व निदानाच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की डॉक्टर सुईबद्दल बोलतात आणि सरकार सोनोग्राफी यंत्राबद्दल. अनुभवी हातात गर्भजल काढताना गर्भपाताचा धोका शंभरात एकाहूनही कमी मानला जातो. यंत्राची भीतीही अकारण नाही. गर्भातील दोष शोधण्यासाठी आलेली गर्भजल परीक्षा मुली वगळण्यासाठी वापरली गेली, म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. तेव्हा कायदा सैल करा, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. सरकारी प्रसूतिसेवेत निदान असुरक्षित होते ते बहुतेक वेळा उशिरामुळे, आणि उशीर हा दोष म्हणून कुठे धरलाच जात नाही.

शहापूर-मुरबाड रस्त्यावरील किन्हवलीच्या आसपासच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, वारली कुटुंबे राहतात. ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहक आढळतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताचे असे आजार गर्भात तपासण्याची मुभा १९९४ च्या कायद्यातच दिलेली आहे. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था हे निदान कित्येक वर्षे करत आली आहे. म्हणजे कायदा आहे, तंत्र आहे, आणि आसनगावहून लोकलही आहे. तरीही हिशेब जुळत नाही.

हा हिशेब एकदा मांडूनच पाहू. सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली तर पक्की खात्री इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने करावी लागते. मग नवऱ्याचे रक्त. दोघे वाहक ठरले तर वारेचा तुकडा दहा-अकरा आठवड्यांनंतर काढता येतो, गर्भजल पंधरा आठवड्यांनंतर. त्यापुढे अहवालाची वाट. आता दिवाळीला आठ आठवड्यांची गरोदर असलेली बाई घ्या. उचल आधीच घेतलेली, त्यामुळे दिवाळी झाली की बिऱ्हाड वीटभट्टीवर. होळीला ती चार दिवस पाड्यावर येते, तेव्हा सव्वीस-सत्तावीस आठवडे झालेले असतात. २०२१ च्या दुरुस्तीने गंभीर व्यंगाच्या शक्यतेसाठी गर्भपाताची मुदत वीसवरून चोवीस आठवड्यांवर नेली. त्यापुढे वैद्यकीय मंडळ. मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे, असे नियम सांगतो. मंडळाला तीन दिवसांची मुदत घालून दिली, पण तिथवर पोचेपर्यंत गेलेल्या महिन्यांना कसलीच मुदत नाही.

२०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला होणारे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान ही चांगलीच गोष्ट आहे. तज्ज्ञ डॉक्टर एरवी भेटतो कुठे? पण त्याची आखणीच दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील स्त्रियांसाठी आहे. ज्या आजाराचा निर्णय पहिल्या तीन महिन्यांतील रक्ततपासणीवर अवलंबून आहे, त्याला ती तारीख उशिराचीच.

कागद मात्र वेळेवर जातो. सोनोग्राफी केंद्राने महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यायचा. ‘एफ’ फॉर्ममध्ये मुलगे किती, मुली किती, गर्भ किती आठवड्यांचा, तपासणी कधी झाली, निष्कर्ष कोणाला व कधी सांगितला, हे सारे भरून घेतात. या नोंदीतील त्रुटी गुन्ह्याच्या बरोबरीने धरण्याची तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरवली. त्यामुळे प्रत्येक रकाना जपून भरला जातो, आणि तो वाचला जातो तो गुन्हा शोधण्यासाठी. त्याच फॉर्मातील दोन तारखांची वजाबाकी केली तर कोणत्या तालुक्यातल्या बाईला निष्कर्ष किती उशिरा कळला, ते घरबसल्या समजेल. नवा फॉर्म नको, नवे पोर्टल तर नकोच (आशाताईंच्या हातात ती आधीच पुरेशी आहेत).

एक सावधगिरी हवी. निदान लवकर झाले म्हणजे गर्भ पाडायचाच, असा अर्थ सेवेतूनच सूचित होऊ लागला तर तो धोका सुईपेक्षा मोठा. सिकलसेलचा रुग्ण हायड्रॉक्सीयुरिया, पेनिसिलिन आणि नियमित देखरेखीवर जगतो. त्याच आजाराची भावंडे वाढवणाऱ्या आईला तो कोणत्याही समुपदेशकापेक्षा जास्त ठाऊक असतो. तिला मूल हवे असेल तर निदानाचा उपयोग प्रसूती कुठे करायची आणि जन्मताच बाळाचे रक्त कधी तपासायचे, हे ठरवण्यासाठी आहे. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेशेजारी ‘दोघांचे रक्त अमुक तारखेच्या आत’ एवढी ओळ पहिल्याच भेटीत लिहावी. नवऱ्याला त्या तारखेला भट्टीवरून यावे लागेल. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईच्या तपासण्या आणि वाहन मोफत आहे. त्याच्या बुडालेल्या मजुरीचा त्यात उल्लेख नाही.