महाविद्यालयांचे हरित लेखापरीक्षण आणि कार्बन पाऊलखुणा : एक चिकित्सा

नॅकच्या सातव्या निकषामुळे महाविद्यालयांत हरित लेखापरीक्षण रूढ झाले. मात्र त्याचा भर बहुधा वृक्षगणना व एलईडी दिवे यांवरच राहिला. २००१ च्या ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ने संस्थेचे उत्सर्जन तीन गटांत विभागले : स्वतः जाळलेले इंधन, विकत घेतलेली वीज आणि प्रवासासारखे अन्य अप्रत्यक्ष उत्सर्जन. तिसरा गट ऐच्छिक ठेवला गेला, ही या मोजमापाची उणीव होय.

बुलढाणा जिल्ह्यात मेहकर, लोणार परिसरातील विद्यार्थी खेड्यांतून एस.टी.ने वा दुचाकीने येतात. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे जवळपास तीन युनिट विजेइतका. दिव्यांतील बचत नोंदवून हा प्रवास वगळणारा अहवाल अपुराच ठरतो. तासिकांचे वेळापत्रक एस.टी.च्या फेऱ्यांशी जुळविणे, हा उत्सर्जनकपातीचा अधिक प्रामाणिक आरंभ ठरेल.