उन्हाळी चित्रपट आणि परतीचा रस्ता

मी चित्रपटांचा टीकाकार नव्हे, हे आधीच सांगून टाकलेले बरे. शाळेत मुलांना चित्रकला शिकवावी, सुट्टीत कादंबरीचे चार कागद काळे करावेत आणि ऊन असह्य झाले म्हणजे कुटुंबासह एखादा चित्रपट पाहून यावा, एवढाच माझा आणि रुपेरी पडद्याचा संबंध. संकलनाची लय, कॅमेऱ्याची भाषा असले शब्द मी ऐकले आहेत. पण ते वापरण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. संपादकांनी यंदाच्या, म्हणजे २०२५ च्या, उन्हाळ्यातल्या चित्रपटांवर लिहा म्हणून कळवले, तेव्हा मी ही अडचण त्यांच्या कानावर घातली. ते म्हणाले, "तुम्ही तिकीट काढून पाहता ना? मग झाले तर!" तिकीट काढणाऱ्यालाही मत असते असे मानणारा संपादक विरळा. म्हणून हे धाडस.

नागपूरकराला उन्हाळ्यात चित्रपट का आवडतो, याचे खरे कारण कलाप्रेम हे नव्हे. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांना टेकतो, घरचा कुलर दुपारी दोननंतर नुसताच आवाज करतो आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राहून आठवडाभर उशिरा उघडतात, तिथे तीन तासांची गार हवा हीच मोठी कला. गावाचे टॉकीजवरचे प्रेम तर पत्त्यातच दिसते. बर्डीवरच्या मोठ्या चौकात गांधीजींचा पुतळा आहे. पण रिक्षावाल्याला सांगताना आपण 'व्हरायटी चौक' असेच म्हणतो. महात्म्यापेक्षा टॉकीज ओळखीची!

पण इथे मराठी चित्रपट पाहणे म्हणजे थोडी चिकाटी हवी. हे शहर १९५६ पर्यंत जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते. हिंदी आमच्या कानावर लहानपणापासून आहे, आणि चित्रपटगृहवाल्यालाही ते ठाऊक आहे. यंदा १ मे रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय' हे दोन मराठी चित्रपट एकाच दिवशी आले आणि त्याच दिवशी हिंदीतला 'रेड २' ही आला. संध्याकाळचे सोयीचे खेळ कोणाच्या वाट्याला गेले असतील, हे मी सांगायला नको. मराठी चित्रपटासाठी आम्ही भर दुपारी तोंडाला दुपट्टा गुंडाळून निघालो. शेजारी म्हणाले, "काहून जी सर, एवढ्या उन्हात कुठं निघून राहिले?" मी म्हणालो, "मराठी भाषेच्या संवर्धनाला."

आता मी चित्रपट तपासतो कसा, ते सांगतो. माझी कसोटी अगदी घरगुती आहे. चित्रपट चालू असताना कोण हसले, कोण रडले, यावर माझा भरवसा नाही. पार्श्वसंगीत वाजवणारा हुशार असला म्हणजे दगडालाही पाझर फुटतो. मी पाहतो तो परतीचा रस्ता. चित्रपटगृहाच्या दारापासून घराच्या दारापर्यंत घरातली माणसे एकमेकांशी काय बोलली? पार्किंगमध्ये गाडी कुठे ठेवली होती यावरच चर्चा झाली, तर चित्रपट वाया. २०१६ च्या एप्रिलअखेरीस 'सैराट' आला होता. तो पाहून परतताना आम्ही उभयता एक शब्दही बोललो नाही. बोललो ते तीन दिवसांनी, नात्यातल्या एका लग्नाविषयी, आणि तेही भांडूनच. त्या चित्रपटाला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

या कसोटीवर यंदाचे चार चित्रपट घासून पाहू.

पहिला 'गुलकंद'. दिग्दर्शक सचिन गोस्वामी आणि लेखक सचिन मोटे ही जोडी दूरचित्रवाणीवरच्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मुळे घरोघर ठाऊक आहे. मुलांचे लग्न ठरवायला दोन कुटुंबे समोरासमोर येतात आणि एका घरची आई व दुसऱ्या घरचे वडील यांचे जुने प्रेम वर येते, असा मामला. समीर चौघुले, सई ताम्हणकर, प्रसाद ओक आणि ईशा डे ही चौकडी चोख आहे. चौघुल्यांच्या बावळेपणात एक सभ्य दुःख असते, ते मला नेहमी आवडते. पण प्रहसन दहा मिनिटांत जे करते, ते चित्रपटाला दोन तासांत करायचे असते. त्यासाठी नुसते अधिक विनोद पुरत नाहीत. माणसेही अधिक खोल लागतात. पन्नाशीला टेकलेल्या बाईला जुने प्रेम भेटले तर तिच्या मनाचे काय होते, हा प्रश्न चित्रपटाने हाती घेतला आणि लगेच हसून खाली ठेवला, असे मला वाटले. परतीच्या वाटेवर मी सौभाग्यवतीला विचारले, "तुझे असे कोणी होते का ग?" ती म्हणाली, "आधी गाडी नीट चालवा." एवढ्यावर विषय मिटला. गुण पासापुरते.

दुसरा 'एप्रिल मे ९९'. रोहन मापुसकर यांचा हा चित्रपट २३ मे रोजी आला, म्हणजे आमच्याकडे नवतपा लागायच्या तोंडावर. कोकणातले तीन मुलगे, त्यांची सुट्टी आणि पुण्याहून आलेली एक मुलगी. बाकी समुद्र, सायकली आणि रिकामा वेळ. मुलांनी फार मोकळेपणाने काम केले आहे. माझ्यातला चित्रकलेचा मास्तर तर खूश झाला. एखाद्या मुलाने जलरंगात कागद ओला ठेवून आभाळ रंगवावे, तसे ते हिरवे-निळे दिवस वाटले. मोबाइल नसलेल्या सुट्टीकडे पाहून माझा मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही दिवसभर करायचे तरी काय?" मी सांगू लागलो. दुपारी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचे, संध्याकाळी गच्ची धुऊन थंड करायची आणि रात्री तिथेच गाद्या टाकून तारे मोजत झोपायचे. घर येईपर्यंत माझे सांगणे संपले नाही. चित्रपटाने हे माझ्याकडून बोलवून घेतले, याबद्दल त्याला मी चांगले गुण देतो.

पण एक तक्रार आहे, आणि ती या एकट्या चित्रपटाची नव्हे. मराठी चित्रपटातले बालपण बहुधा समुद्राकाठी किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी जाते. आमच्या उन्हाळ्याला पडद्यावर जागा नाही. आमची बोली येते ती हशा पिकवायला, एखाद्या गबाळ्या पाहुण्याच्या तोंडी. नागपूरची वस्ती, नागपूरची पोरे आणि त्यांचे बोलणे मी पडद्यावर मान ताठ करून पाहिले ते २०२२ च्या मार्चमध्ये, नागराज मंजुळे यांच्या 'झुंड'मध्ये. इथल्या हिस्लॉप महाविद्यालयातल्या विजय बारसे या क्रीडाशिक्षकांच्या कामावर तो बेतलेला आहे. आणि तो चित्रपट हिंदी! आमचा चेहरा पाहायला आम्हाला दुसऱ्याच्या घरचा आरसा लागला, ही गोष्ट मराठी निर्मात्यांनी मनावर घ्यावी.

तिसरा 'जारण'. हृषीकेश गुप्ते यांचा हा भयपट ६ जूनला आला. त्याला मी आईलाही नेले, ही माझी चूक की शहाणपण ते अजून ठरायचे आहे. करणीच्या भीतीने पछाडलेल्या राधेचे काम अमृता सुभाष यांनी असे केले आहे, की अंधारात माझ्या मुलीने माझा दंड सोडला नाही. अनिता दाते यांची गंगुटी तर पुढचे दोन दिवस आमच्या स्वयंपाकघरात वावरत होती. हे आजारी मन आहे की खरेच काही बाहेरचे आहे, अशी दोन्ही दारे चित्रपट उघडी ठेवतो. कथाकार म्हणून मला ती युक्ती पसंत आहे. शिक्षक म्हणून थोडी खटकते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्याच वर्षी या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा राज्यात दुसरे दार किती उघडे ठेवावे, हा विचार मनात येतोच.

पण परतीच्या रस्त्यावर आई बोलू लागली. भंडाऱ्याकडच्या तिच्या माहेरगावी एका बाईला सगळे 'लागिर' म्हणत. लोक तिच्या दारावरून जात नसत. आई म्हणाली, "तिचं बाळ गेलं होतं बाप्पा पाठोपाठ दोनदा. कोणी तिच्यापाशी बसलं नाही, म्हणून ती एकटीच बोलत राहे. मीही नाही बसले." माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आईने ही गोष्ट कधी काढली नव्हती. चित्रपटाने दार उघडे ठेवले होते. आईने त्यातून आत जाऊन ते आपल्या हाताने लावले. गुण मी चित्रपटाला देऊ की आईला, हे समजेना. दोघांत वाटून दिले.

आता 'आता थांबायचं नाय'. आला पहिल्या तारखेला, पण मी मुद्दामच शेवटी ठेवला. कारण इथे टीकाकाराचीच परीक्षा झाली.

शिवराज वायचळ यांचा हा चित्रपट मुंबई महानगरपालिकेच्या चतुर्थ श्रेणी कामगारांच्या खऱ्या घटनेवर बेतलेला आहे. गटारे, नाले, कचरा यांत आयुष्य गेलेली माणसे एका अधिकाऱ्याच्या आग्रहाने रात्रशाळेत बसतात आणि दहावीच्या परीक्षेला सामोरी जातात. अधिकारी झाले आहेत आशुतोष गोवारीकर. कामगारांत भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव. या दोघांनी आजवर महाराष्ट्राला इतके हसवले आहे, की इथे ते गप्प बसले तरी आपले लक्ष जाते. भरत जाधवांनी पेन धरलेला हात पाहावा. त्या हाताला झाडू ठाऊक आहे, पेन ठाऊक नाही. मी रोज पहिलीतली मुले पाहतो. पेन्सिल पहिल्यांदा धरणारी बोटे अशीच अवघडतात.

दोषही सांगतो. संगीत जागोजागी आपल्याला रडण्याची सूचना देते; तशी गरज नव्हती. काही भाषणे शाळेच्या स्नेहसंमेलनात शोभावीत अशी आहेत. आणि एक मोठा प्रश्न चित्रपटाच्या कडेला उभाच राहतो. एक कामगार दहावी झाला, वर चढला, ठीक. पण गटारात उतरण्याचे काम तिथेच राहते. त्यात उद्या दुसरा कोणी उतरणार. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध या देशात १९९३ साली एक कायदा झाला आणि २०१३ साली पुन्हा दुसरा करावा लागला. म्हणजे माणूस शिकून सुटला तरी काम माणसापासून सुटलेले नाही. चांगला अधिकारी भेटणे हे भाग्य झाले. भाग्यावर सगळ्यांची व्यवस्था लागत नाही.

इतके सगळे मी चित्रपटगृहात बसल्या बसल्या मनाशी जुळवत होतो. दोष शोधण्यात माझी घाई होती, हे माझ्या लक्षात आले. त्याचे कारण चित्रपटात नव्हते.

माझे स्वतःचे शिक्षण दहावी. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि नोकरीला लागलो. शाळेच्या फलकावर इतरांच्या नावांपुढे एम. ए., बी. एड. अशी अक्षरे आहेत. माझ्या नावापुढची तीन अक्षरे लोकांना समजत नाहीत, आणि मी ती समजावून सांगत नाही. दोन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्यावर व्याख्यानांना बोलावणी येऊ लागली. तिथे सूत्रसंचालक मला 'प्राध्यापक' म्हणतो, आणि मी पाण्याचा घोट घेतो. पडद्यावरची ती माणसे ज्या पायरीकडे डोळे लावून बसली होती, त्याच पायरीवर मी पंचवीस वर्षे लाजत उभा आहे. एकाचे शिखर ते दुसऱ्याची लाज! मग लाज पायरीची, की ती लपवणाऱ्याची?

माझा मुलगा यंदा दहावीत. मध्यंतरी गणितात कमी गुण पडले तेव्हा मी त्याला बराच बोललो होतो. त्या दुपारी परतताना रस्ता उन्हाने पांढरा पडला होता. पंचशील चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी म्हणालो, "मी दहावीला पहिल्या खेपेस गणितात नापास झालो होतो."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मुलगा म्हणाला, "बाबा, मग मला कशाला ओरडता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हते. सौभाग्यवती मागून म्हणाली, "मला माहीत होते. तुमच्या आईंनी लग्नाआधीच सांगितले होते." म्हणजे वीस वर्षे मी जे लपवत होतो, ते फक्त माझ्यापासूनच लपले होते!

सहकुटुंब पाहण्याजोगा चित्रपट कोणता, असे वाचक विचारतात. ज्यात वावगे दृश्य नाही आणि कोणाला बोचेल असे काही नाही, तो सहकुटुंब, असे आपण मानतो. मला ते आता पटत नाही. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिले सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'ला मिळाले. घरेच्या घरे तो पाहायला गेली, ती काही करमणुकीसाठी नव्हे. आपापल्या आईशी आपण कसे वागलो, हे प्रत्येकाला त्या अंधारात आठवले. जो चित्रपट पाहून घरातले न बोललेले काही रस्त्यात बोलले जाते, तो सहकुटुंब. मग त्यातली भाषणे लांब असोत, की संगीत मोठे असो.

जूनअखेर शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात एका छोट्या कार्यक्रमात निवेदकाने मला सवयीप्रमाणे 'प्राध्यापक' म्हटले. पाण्याचा पेला समोरच होता. मी तो बाजूला सारला आणि म्हणालो, "प्राध्यापक नव्हे. दहावी, आणि तीही दुसऱ्या खेपेस." लोक हसले. मीही हसलो. मागच्या रांगेत आमच्या शाळेचे शिपाईकाका बसले होते. ते मात्र हसले नाहीत. कार्यक्रम संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि हळूच विचारू लागले, "सर, तो बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कुठं भेटते जी?"

दिवाळीनंतर आम्ही दोघे गणिताला बसणार आहोत. त्यांना शिकायचे आहे, आणि मला पुन्हा एकदा.