उदासीन कोण? : एका वार्षिकांकाचं परीक्षण

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. बारावीला इंग्रजीत गचकलो आणि सूतगिरणीत लागलो. रिंगफ्रेमवर असतो, बहुतेक तिसऱ्या पाळीला. तेव्हा कॉलेजच्या वार्षिकांकावर लिहायचा तुला अधिकार काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच : हा अंक आमच्या घरानं विकत घेतलाय. माझी मावसबहीण आमच्याच भागातल्या एका कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या फीच्या पावतीवर जिमखाना आणि ग्रंथालय यांच्याखाली 'नियतकालिक' असा रकाना आहे. पैसे आधी घेतात, अंक मागनं देतात. म्हणून गिऱ्हाईक म्हणून बोलतो.

अंक ११२ पानांचा आहे. कागद गुळगुळीत. पहिली २२ पानं फोटोंची. संस्थापक, चेअरमन, सेक्रेटरी, प्राचार्य. झाड लावताना प्राचार्य, पाहुण्यांना नारळ देताना प्राचार्य. मग त्यांचंच मनोगत. आजचा विद्यार्थी उदासीन झालाय, मोबाईलपलीकडं त्याला जग नाही, तो उपक्रमांना येत नाही, अंकासाठी साहित्य देत नाही, अशी त्यांची तक्रार. तक्रार संपली की मराठी विभाग सुरू होतो.

मराठी विभागात ३१ कविता आहेत. ९ आईवर, ६ पावसावर, ५ मैत्रीवर, ४ शेतकरीराजावर, उरलेल्या प्रेमाच्या. मी सगळ्या वाचल्या. नऊच्या नऊ कवितांत आई एकच आहे. चुलीपुढं बसलेली, डोळ्यांत पाणी, पोराची वाट बघणारी. यातली एकही आई कामाला जात नाही. या कॉलेजातल्या किती पोरांच्या आया रोजगाराला जातात, धुणीभांडी करतात, ऊसतोडीला कोयता घेऊन गाव सोडतात, हे त्या पोरांना ठाऊक नाही का? चांगलं ठाऊक आहे. पण वार्षिकांकात लिहायला बसलं की ती पाठ्यपुस्तकातली आई काढतात. काय छापून येतं आणि काय नाही, हे ती पहिल्याच वर्षी शिकलीत.

बाबासाहेबांवर एक लेख आहे. दरवर्षी एक असतोच. जन्म १४ एप्रिल १८९१, गाव महू, कोलंबिया, लंडन, घटना, शेवटी 'त्यांचे विचार आजही प्रेरणादायी आहेत'. लिहिणारा आपल्याच वस्तीतला पोरगा. त्याला मी विचारलं, "अरे, यात तुझं काय हाय?" तो म्हणाला, "दादा, असं लिहिलं की छापत्यात." खरं बोलला. राग त्याचा येत नाही, पण लेख वाईट आहे हे लिहिलंच पाहिजे. आपल्या माणसाचा म्हणून वाईट लेखाला चांगला म्हणायचं हे प्रस्थापितांचं काम, आपलं नव्हे. या लेखात बाबासाहेबांचा पुतळा आहे. ज्या कामासाठी ते उभे राहिले ते काम नाही.

कॉलेजपुरतंच बोलायचं तरी सांगण्यासारखं किती होतं! १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं. तिथं विद्यार्थ्यांचं पार्लमेंट होतं. १९५० च्या जानेवारीत त्या पार्लमेंटपुढं बाबासाहेब हिंदू कोड बिलावर बोलले. देशाचा कायदामंत्री आपलं बिल घेऊन पोरांपुढं उभा राहतो, याचा अर्थ त्या पोरांचं मत त्याला मोजावंसं वाटत होतं. पुढं औरंगाबादेत मिलिंद कॉलेजच्या आवारातून १९६७ ला 'अस्मिता' निघालं आणि त्याचंच 'अस्मितादर्श' झालं. दलित साहित्याचा केवढा मोठा प्रवाह त्या आवारातून वाहिला. तिथली पोरं काही वेगळ्या मातीची नव्हती. लिहिलं तर कुणीतरी वाचील, एवढी खात्री त्यांना होती.

आता आपल्या कॉलेजचं पार्लमेंट बघा. निवडणुकांत मारामाऱ्या होतात, खून पडतात, असं म्हणून महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणुका बंद केल्या. मागच्या परीक्षेत ज्याला वर्गात जास्त मार्क तो वर्गप्रतिनिधी. खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक यांतून एकेक, शिवाय दोन मुली, प्राचार्यांनी नेमायच्या. आणि या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष कोण? स्वतः प्राचार्य! २०१६ चा नवा कायदा आला. त्यात थेट निवडणूक आली, मागास प्रवर्गासाठी आळीपाळीनं एक राखीव जागाही आली. २०१९ साली निवडणुका होणार म्हणून पोरं तयारीला लागली, तर विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढं ढकलल्या. पाठोपाठ कोविड आला. माझ्या बहिणीनं तिच्या तीन वर्षांत मतपेटी बघितलेली नाही. अठरा वर्षांचं पोरगं आमदार-खासदार निवडू शकतं, पण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी नाही. आणि वरून उदासीन म्हणून शिव्या खायच्या.

आता या अंकात जे नाही त्याबद्दल.

माझ्या बहिणीनं अंकासाठी दोन पानांचा लेख दिला होता. विषय स्कॉलरशिप. मी तो दहादा वाचलाय. सुरुवात वाईट आहे. 'उद्विग्न' हा शब्द चार वेळा येतो आणि पहिला परिच्छेद भाषणातला वाटतो. पण तिसऱ्या परिच्छेदापासून ती तिला दिसलेलं सांगायला लागते आणि लेख उभा राहतो. तास चालू असताना शिपाई दारात येतो आणि ओरडतो, "बीशीची पोरं हापिसात या." मग बाकावरून कोण कोण उठतं हे सगळा वर्ग मान वळवून बघतो. पुढं ती हिशेब मांडते. पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिपमध्ये केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. केंद्राचे पैसे आता थेट पोरांच्या खात्यावर येतात आणि त्यातली फी पोरांनी कॉलेजला भरायची. पैसे कधी येतील ते कुणी सांगत नाही. फी कधी भरायची ते मात्र नोटीसबोर्डावर असतं. घरात आधीच उसनवारी असते. पैसे खात्यात पडतात त्या दिवशी दुकानदार दारात उभा असतो. यात तिनं एकही शिवी घातलेली नाही. कुणाचं नावसुद्धा घेतलेलं नाही.

संपादक मंडळातल्या सरांनी लेख परत दिला. म्हणाले, अंकाच्या प्रकृतीला मानवत नाही. साहित्य येत नाही म्हणून रडणाऱ्या अंकाच्या प्रकृतीला आलेलं साहित्य मानवत नाही! बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा 'केसरी'नं पैसे देऊनही त्याची जाहिरात घेतली नव्हती. शंभर वर्षं उलटली. आता बाबासाहेबांचा फोटो छापतात, त्यांच्या पोरीचा लेख परत करतात.

आमच्या गिरणीतही एक कमिटी आहे. सुपरवायझरच्या मर्जीतले चारजण, मिटिंगला चहा-बिस्कीट. तिला कुणी विचारत नाही. म्हणून कामगार उदासीन आहे असं म्हणता का? पगार दोन दिवस लांबला तर बघा कोण उदासीन राहतो ते. तसंच स्कॉलरशिपच्या खिडकीपुढची रांग बघा. सकाळी दहापासून पोरं उन्हात उभी असतात. ज्या गोष्टीवर आपला इलाज चालत नाही तिच्याकडं माणूस पाठ फिरवतो. त्याला आळस म्हणणं सोपं आहे. त्यात भीतीही असते, कारण इंटर्नलचे मार्क त्याच सरांच्या हातात.

विद्यार्थ्यांचं राजकारण म्हणजे पोरखेळ, असं आपल्यातले मोठे कार्यकर्तेही म्हणतात. त्यांनी हैदराबाद आठवावं. २०१५ साली तिथल्या विद्यापीठानं आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनच्या पाच पोरांना वसतिगृहातून काढलं, आवारात एकत्र फिरायला बंदी घातली, आणि विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत भाग घ्यायचा नाही असंही बजावलं. त्यातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला. पोरखेळ असता तर तो काढून घ्यायची गरज त्यांना का पडली असती?

आता आपल्याबद्दल. जयंतीला आपण लाखाची वर्गणी काढतो, बेस लावतो, चौकात बोर्ड लावतो. त्या बोर्डावर ज्यांचे फोटो असतात त्यांतल्या किती जणांनी कॉलेजात जाऊन विचारलं की नियतकालिकाच्या फीचं काय होतं? संपादक मंडळात विद्यार्थी किती, मंडळाची बैठक कधी झाली? मीही विचारलं नव्हतं. बहिणीचा लेख परत आला तेव्हा जागा झालो. म्हणजे तोवर मीही उदासीनच होतो. आपल्या घरात लागल्याशिवाय आग दिसत नाही, हा रोग प्राचार्यांना आहे तसा आपल्यालाही आहे.

अनुदानित कॉलेजला माहितीचा अधिकार लागू आहे. अर्जाला दहा रुपये लागतात. फी किती जमली, छपाईवर किती गेली, कुठले लेख परत केले, हे मागा. मी अर्ज लिहून ठेवलाय. सही विद्यार्थ्यांची असावी, एकाची नको, पन्नासांची असावी, म्हणजे मार्क कापायला सरांचा हात दुखेल.

बहिणीचा लेख आपण याच अंकात पुढं छापतोय. 'उद्विग्न' तीन ठिकाणचा काढलाय, बाकी तिचं तसंच ठेवलंय. तिला विचारलं, नाव घालू का? दोन दिवस गप्प होती. मग म्हणाली, "नको दादा, रिझल्ट लागू दे." आणि जाता जाता म्हणाली, पुढं कधी कॉलेजला लिहायचं झालं तर आईवर कविता देईन. हसत म्हणाली, पण मला रात्रभर साच्यावर ते ऐकू येत होतं. चांगलं लिहिणारी एक पोरगी दहावी आई लिहायला निघालीय. तिला थांबवायचं असेल तर आपल्या पानांवर तिला जागा पाहिजे आणि तिच्या मागं माणसं पाहिजेत. जागा आहे.

तुमच्या कॉलेजनं परत केलेलं सगळं आम्हाला पाठवा. शुद्धलेखनाची फिकीर करू नका, ते मलाच येत नाही.

जयभीम.